अकरा दिवसांचं धुकं

“चित्राचा वरचा भाग कोराच होता, मॅडम. फ्रेममध्ये बसेना, म्हणून कापला,” संग्रहालयातल्या जपानी शैलीच्या प्रदर्शनाचे संयोजक सहज म्हणाले.

कालिंदी आपल्या चित्राकडे बघतच राहिली. तळ्याकाठची जांभळी फुलं तेवढी उरली होती.

“ते धुकं होतं,” ती म्हणाली. “शिंपल्यांची पूड सरसात कालवून अकरा दिवस रोज एक हात दिला होता.”

“अहो, पण फुलं सगळी शाबूत आहेत ना. लोक तीच बघतात.”

तिच्या मस्तकात तिडीक गेली, पण आवाज चढला नाही. “तुमचा कटर द्या. फ्रेम उघडा.”

ती डागडुजी करणार असेल, असं समजून त्यांनी कटर दिला आणि फ्रेम उघडली. तिने कोपऱ्यातला आपल्या नावाचा लाल ठसा कापून पर्समध्ये टाकला.

“आता चित्राखालच्या पाटीवरचं माझं नाव तुम्ही काढता, की मी काढू?”