जास्तीचा निळा

संपादिकाबाईंच्या पत्राला त्याने उत्तर दिलं नव्हतं. आज स्वतःच्या चित्रासमोर उभं राहिल्यावर त्याला कळलं, बाईंनी खरं तेच लिहिलं होतं.

पत्रात फारसं काही नव्हतं. चित्रं नेहमीसारखीच सुरेख आहेत, फक्त निळा जरा हलका करता येईल का, समुद्रातल्या प्राण्यांचं हे पुस्तक मुलांच्या हातात जायचं आहे. एवढंच. पण चित्रकाराला ते लागलं. कालची पोरगी आपल्याला निळा शिकवणार! त्याने पुढची चित्रं पाठवायचीच थांबवली.

आज सकाळी त्याच्या उजव्या डोळ्यावरची पट्टी निघाली. मोतीबिंदू काढला होता. नव्या डोळ्याला पहिल्यांदा दिसले ते बायकोचे पाय. एक मोजा काळा, एक निळा. "घाई झाली वाटतं," तो म्हणाला आणि नर्ससकट सगळे हसले. घरी आल्यावर बायको औषधं फळीवर मांडत बसली, तेवढ्यात तो हळूच रंगांच्या खोलीत शिरला.

भिंतीवर खोल पाण्यातला मासा होता, पोटाखाली बारक्या दिव्यांच्या रांगा असलेला. शेजारी कडा उजळलेला जेलीफिश. दोघंही निळे. निळे म्हणजे कसे, तर धुण्याच्या बादलीत नीळ जास्त पडावी आणि सगळे सदरे कायमचे बिघडावेत, तसे. माशाचे दिवे त्या निळीत पार बुडून गेले होते.

त्याने उजवा डोळा मिटला. डाव्या, जुन्या डोळ्याला चित्र सौम्य दिसलं, अगदी मनासारखं. डावा मिटून उजवा उघडला. पुन्हा नीळ.

असं कसं झालं ते कळायला वेळ लागला नाही. समुद्रजीवांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेकडून येणारे नमुने स्पिरिटमध्ये पांढरेफटक पडलेले असत. प्राणी मेला की त्याचा उजेड जातो, बाटलीत नुसता देह उरतो. उजेड रंगवायचा तो आठवणीतून. तरुणपणी संस्थेच्या बोटीवर, दारंखिडक्या लावलेल्या अंधाऱ्या खोलीत, त्याने तो एकदा बादलीतल्या पाण्यात पाहिला होता. तो निळा तो कधी विसरला नाही. कागदावर तसा दिसेपर्यंत रंग चढवत राहायचा. मोतीबिंदूने डोळा पिवळा पडत गेला, निळा फिका दिसत गेला, तसतसा हात जास्त निळा घालत गेला.

डोळ्याला दोष देऊन भागलं असतं. पण तो एकट्या डोळ्यावर विसंबला नव्हता. स्वतःवर त्याचा कधीच भरवसा नव्हता. चित्र संपलं की तो बायकोला हाक मारायचा. "निळा जास्त नाही ना झाला?" ती ओले हात पुसत यायची, चित्राला नाक लावून बघायची आणि म्हणायची, "छान झालाय." तिच्या त्या दोन शब्दांवर त्याने बाईंचं पत्र बाजूला सारलं होतं.

म्हणजे ती दर वेळी बघत होती. बघत होती आणि त्याचं हसं होऊ देत होती.

तिसऱ्या चित्रात प्रवाळ होतं. ते स्वतः उजेड करत नाही. वरून झिरपलेला निळा उजेड अंगावर घेतं आणि हिरवा करून परत देतं. ही तशीच, त्याला वाटलं. आपलंच समाधान आपल्याला रंग बदलून परत देत आली. आणि आपण ते तिचं मत समजलो.

"अहो, इथे काय करताय?" बायको दारात उभी होती. "थेंब घालायचेत. डॉक्टरांनी काय सांगितलं?"

"तू खोटं का बोललीस?"

"कधी?"

"दर वेळी. या चित्रांबद्दल. माझं मन राखायला?"

"तुमचं मन राखायचं असतं तर तुमच्या गाण्यालाही छान म्हटलं असतं." ती हसली. तो हसला नाही तशी थांबली. "अहो, झालंय तरी काय?"

"निळा बघ. डोळ्यांत जातोय. परक्या बाईने पत्र लिहून कळवलं आणि तू घरात असून बोलली नाहीस. जगात एका तुला विचारत होतो मी."

"भाजीत मीठ जास्त झालं की तुम्ही ताट सरकवता. रंग जास्त झाला असता तर मी गप्प बसले असते होय?" आता तिचाही आवाज चढला. "आणा इकडे."

त्याने माशाचं चित्र भिंतीवरून काढून पुढे केलं. तिचा हात आधी चौकटीच्या बाजूला गेला, मग चौकट सापडली.

"खिडकीशी चल," तो म्हणाला. "एक डोळा मिटून बघ. मग दुसरा. मग सांग मला."

तिने चित्र उजेडात धरलं, अगदी नाकाजवळ. एक डोळा मिटला. मग दुसरा. मग पुन्हा पहिला. परीक्षेला बसल्यासारखी ती मन लावून बघत होती आणि तो कबुलीची वाट बघत तिच्या चेहऱ्याकडे. खिडकीतलं ऊन थेट तिच्या डोळ्यांत पडलं होतं. दोन्ही बाहुल्यांवर साय धरावी तसं काहीतरी पांढुरकं होतं.

त्याने चित्रासाठी हात पुढे केला, पण तिने ते सोडलं नाही.

"रागावणार नसाल तर सांगते," ती ओशाळून म्हणाली. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून इतके दिवस बोलले नाही. मला तुमचा निळा नेहमी जरा कमीच वाटतो."