पुस्तक ज्याच्या हाती

इंदिरानगरच्या वाचनकट्ट्याचा दंडक एकच: पुस्तक ज्याच्या हाती, त्यानेच बोलायचे. आज चर्चेला कॉलेजातल्या प्रेमाची नवी कादंबरी होती. निकिताने ती मुद्दाम सुचवून आईलाही वाचायला दिली होती. नायकाविषयी आईचे मत ऐकूनच घरी वर्गातल्या दीपकचे नाव काढायचे, असा तिचा बेत होता. पुस्तक फिरू लागले. “नुसता साखरेचा पाक!” सिंधूताईंनी नाक मुरडले. “आमच्या वेळी एवढं धाडस होतं कुठं?” सातपूरच्या कारखान्यातले निवृत्त अण्णा पुटपुटले. मग पुस्तक आईकडे आले. “मुलगा चांगला आहे,” मुखपृष्ठावरून हात फिरवत ती म्हणाली, “पण मुलगी रोज गच्चीवर जाऊन फोनवर बोलते आणि आईला पत्ताच नाही? लेखिकेनं एखाद्या आईला विचारायचं होतं.” सगळे हसले. निकिता मात्र हसली नाही. कादंबरीत गच्ची नव्हतीच. आईने पुस्तक मिटून तिच्या हातात ठेवले.