कच्चे दिवस

“आता दुखतच नाही, सर. उतरू का मैदानात?” खेळाडूने खुशीत विचारलं.

“खबरदार!” फिजिओथेरपिस्टने त्याचा गुडघा दाबून पाहिला. “मांडीतल्या स्नायुबंधाचा तुकडा काढून गुडघ्यात नवं लिगामेंट बसवलंय, ते अजून रुजायचंय. दुखत होतं तोवर तू जपत होतास. दुखायचं थांबलं की माणूस बेफिकीर होतो, आणि नेमकं तेव्हाच तुटतं.”

खेळाडू घरी आला, तर सासूबाई बॅग भरत होत्या.

“सावरली हो लेक माझी. बाळ गेल्यापासून आज पहिल्यांदा पोटभर जेवली, हसलीसुद्धा. मी उद्या निघते.”

आतून बायकोचं गुणगुणणं ऐकू येत होतं. त्याने बॅगेतले कपडे परत कपाटात ठेवले.

“आई, ती रडत होती तोवर मी एकटाही पुरलो असतो. तुमची खरी गरज आता आहे.”