शनिवारचा ठराव

"मॅडम, माहा ठराव हाय," रोशन उभा राहिला. "नंदिनीले वापस आणाव."

जयामॅडमच्या हातातला खडू हातातच राहिला. गेल्या सोमवारी शाळेच्या फाटकासमोरच, कोराडीच्या वीजकेंद्राकडे जाणाऱ्या कोळशाच्या ट्रकखाली पहिलीतली नंदिनी गेली होती. पोरांना काय सांगायचं, ते जया रोज उद्यावर ढकलत आली होती.

पहिली ते चौथीची ही शनिवारची बालसभा तिनंच हौसेनं सुरू केलेली. नागरिक व्हायला अठरा वर्षं कशाला थांबायचं, म्हणायची. ठराव मांडायचा, हात वर करायचे, जिकडे जास्त हात तसं करायचं. पाण्याचा नळ पोरांच्या उंचीवर आला तो ठरावानंच. झोपाळाही तसाच आला. त्यामुळे पोरांचा देवावर नसेल इतका ठरावावर भरवसा. फाटकापुढे गतिरोधक हवा, हाही ठराव झाला होता. जयानं तो स्वतः गावच्या पंचायतीत नेऊन दिला. पंचायत मूग गिळून बसली.

"असं नाही करता येत रे बाळा," ती कशीबशी म्हणाली.

"काहून? तुमीच तं म्हणता, सगळ्यायनं ठरवलं तं सारं होते."

जयाला स्वतःचाच राग आला. या लेकरांना आता कोणत्या तोंडानं सांगायचं?

तेवढ्यात वैभवीनं टेबलावर पट्टी आपटली. आजच्या सभेची ती अध्यक्ष, आणि अध्यक्षाचं काम ती अगदी मन लावून करायची.

"ठरावाच्या बाजूनं कोण?"

भराभर हात वर झाले. गोलूनं तर दोन्ही केले.

"एकच हात चालते, गोलू," वैभवीनं दटावलं. मग नियमाप्रमाणे विचारलं, "विरोधात कोण?"

मागच्या रांगेत एक हात वर आला. चौथीतली मयुरा. नंदिनीची मोठी बहीण.

सगळी पोरं मागे वळली. रोशनचे डोळे भरून आले. "तुही बहीण होये नं वं ते?"

मयुरानं हात खाली घेतला नाही.

"ते आली तं तिले पुन्हा याच रस्त्यानं शाळेत या लागन."