हद्दीवरची घाणेरी

भामाबाईनं कोयता असा हाणला की घाणेरीची फांदी उसळून तिच्याच गालावर बसली. ओरखडा उठला. "मर मेल्या!" ती ओरडली. शिवी झाडाला होती, पण तोंड शेजारच्या दाराकडं होतं. त्या दारात तिचा धाकटा दीर दत्तोबा उभा होता.

"वैनी, लय लागलं का?"

भामाबाईनं पुन्हा कोयता उचलला. मोजणीची नोटीस आल्यापासून तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं. गुरुवारी मोजणीवाले येणार होते आणि हद्दीवरची झाडंझुडपं अर्जदारानं आधीच साफ करून ठेवायची होती. अर्जदार भामाबाई. म्हणजे लावायची यानं आणि उपटायची हिनं!

घाणेरी लावली होती ती दत्तोबानंच, भामाबाईचा नवरा गेला त्याच वर्षी. ज्याला गुरं तोंड लावत नाहीत आणि ज्याचा वास हाताला दोन दोन दिवस राहतो, असलं झुडूप कुणी शहाणा माणूस हौसेनं लावतो का? यानं लावलं. दोन घरांच्या मधून, परसातून, पार भामाबाईच्या न्हाणीमागं वळवून. अकरा वर्षांत त्या जाळीनं तिचं अर्धं परसू गिळलं. छाटा म्हटलं की याचं ठरलेलं: आत साप हाय, उन्हाळा जाऊ द्या, औंदा नको.

बाई एकटी बघून यानं जागा दाबली, याबद्दल भामाबाईला तिळमात्र शंका नव्हती. आणि आता तर जागा हवीच होती. लेक चैताली नऊ वर्षांचा संसार सोडून सोमाटण्याहून कायमची माघारी आली होती. येताना फक्त शिवणाचं मशीन आणलं होतं तिनं. एका खोलीत दोघी राहत होत्या आणि मशीन चुलीला खेटून उभं होतं. परसात आणखी एक खोली निघाली, तर पोर स्वतःच्या पायावर उभी राहणार होती.

तिकडं दत्तोबाचा मुलगा सार्थक पवना धरणाच्या काठावर पर्यटकांसाठी तंबू टाकायचा. फूटभर जागेसाठी हपापलेला. "आबा, आपली जागा नक्की कुठवर हाय?" असं बापाला विचारताना भामाबाईनं त्याला स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. बापानं 'बघू' म्हणत विषय टाळला होता. चोर कुठला!

दुपारी सार्थकची गाडी गेल्याचा आवाज आला, तसा दत्तोबा जवळ आला. हळू आवाजात म्हणाला, "वैनी, अर्ज मागं घ्या. मी हाय तवर हाय तसं चालू द्या."

"आन् तुमी गेल्यावर? तुमच्या पोराच्या पाया पडत बसू?"

"चैतालीचं मशीन माज्या पडवीत टाका. दार लावून देतो, लाइट देतो."

"माजी जागा खायची आन् मलाच तुकडा टाकायचा?" भामाबाईचा आवाज चढला. अकरा वर्षं साठलेलं होतं सगळं. "तुमचा भाऊ असता तर ही हिंमत झाली नसती, भावजी. लाज वाटू द्या जरा!"

दत्तोबाचं तोंड उतरलं. पाठमोरा झाला आणि घरात गेला. भामाबाईला फार बरं वाटलं. त्या रागाच्या जोरावर तिनं संध्याकाळपर्यंत एकटीनं सहा खोडं काढली.

पुढचे दोन दिवस मायलेकी राबल्या. नुसतं छाटून भागत नव्हतं. घाणेरी पुन्हा फुटते, म्हणून मुळं खणून काढायची. सुरुवात दत्तोबाच्या भिंतीपासून केली. दोघा भावांची वाटणी झाली तेव्हा सासऱ्यानं हद्दीचा दगड रोवला होता, तो तिथंच असणार. पुढं नवऱ्यानं घाईघाईत घर बांधलं, तेव्हा दगड हुडकत बसायला कुणाला सवड होती?

दगड तिथं नव्हता.

"उपटला असंल मेल्यानं," भामाबाई म्हणाली.

"आई, पुढं बघू की," चैताली म्हणाली.

बुधवारी त्या न्हाणीमागं पोचल्या. "वैनी, तितलं तेवढं राहू द्या," दत्तोबा आपल्या दारातून जवळजवळ ओरडलाच. भामाबाईनं त्याच्याकडं बघत पहार घातली. खणकन आवाज झाला. मुळं बाजूला केली तर छिन्नीची खूण असलेला काळा दगड निघाला. त्याच्यापलीकडं ओढ्याकडं उतरणारा नुसता खडक होता.

"हा आपला पलीकडचा दगड," भामाबाई घाम पुसत म्हणाली. "एक गावला ना? त्याच्यावरनं मोजणीचं साहेब दुसरा काढतील. मग बघते एकेकाला."

गुरुवारी साहेब आले. तीन पायांच्या तिकाटण्यावर यंत्र लावलं, जुना नकाशा पसरला. रस्त्यापासून मोजलं, ओढ्यापासून मोजलं, पुन्हा एकदा मोजलं. दत्तोबा मान खाली घालून बसला होता. सार्थक साहेबांच्या खांद्यावरून नकाशात डोकावत होता.

भामाबाई पदर खोचून पुढं झाली. "बोला साहेब, किती दाबलीय यांनी?"

"दगड जागेवरच आहे," साहेब म्हणाले.

"बघा! मी सांगत हुते."

"ही तुमची दोघांची मधली हद्द, मावशी. तुमची जागा दगडाच्या पलीकडं, ओढ्यापर्यंत. अलीकडचं सगळं दत्तोबांचं."

भामाबाईनं दत्तोबाकडं पाहिलं. तो तिच्याकडं बघत नव्हता, मुलाकडं बघत होता. "साहेब, माजी काय तक्रार न्हाई," तो घाईघाईनं म्हणाला. "कवाच नव्हती. लिवून घ्या तसं."

पण सार्थक तोवर भामाबाईच्या ओट्यावर चढला होता, आणि तिच्या दारापासून मागच्या भिंतीपर्यंत पावलं टाकत घर मोजत होता.