मान वर होत नाही

सोफ्याखाली एक मोजा. बिस्किटांचा चुरा. व्हिडिओ गेममधला दोन चंद्रांचा ग्रह. भर दुपारी ओढलेले पडदे. दारामागे अडकवलेला दातांच्या डॉक्टरचा पांढरा कोट. अर्धा भिंतीत रुतलेला, हवेत पाय झाडणारा शत्रू. आणि हे अजिबात बघायचं नसलेली एक बहीण.

"ताई, ही बंदूक आहे की हेअर ड्रायर?" भाऊ म्हणाला. "दवाखाना बंद ठेवला मी या भंगारासाठी."

ती फोनमध्ये बघत राहिली. गेमचे आधीचे दोन भाग त्याने पारायणं करावीत तसे खेळले होते. तिसरा आजच आला होता, आणि त्यातल्या ग्रहाचं आकाश तिने केलं होतं. तीन वर्षं, फक्त आकाश.

"मान वर का होत नाही याची?" तो कंट्रोलरवर अंगठा रेटत म्हणाला. टीव्हीच्या पडद्यावरचा सैनिक जरा वर बघायला लागला की हेल्मेटची करडी कड आडवी यायची. "पट्टा घातलाय का मानेला?"

"वर काही नाही म्हणून."

"म्हणजे?"

"आकाशामुळे गेम अडखळत होता. शेवटच्या महिन्यात काढून टाकलं." मग फोन उपडा ठेवत, "तुला सांगितलं नव्हतं."

त्याने गेम थांबवला. तिच्याकडे बघितलं.

"खेळ रे," ती म्हणाली. "माझ्याकडे काय बघतोस."

तो खेळला. लांबलचक बोळ, जिना, परत तसाच बोळ.

"हा जिना मागच्या भागातला आहे. नुसता रंग दिलाय."

"हो."

"आणि हा राक्षसही. याला ओळखतो मी, घरचाच आहे. काय रे, जेवलास का?"

ती फसकन हसली. तिच्या हसण्याकडे त्याचं लक्ष गेलं आणि तेवढ्यात राक्षसाने डाव साधला.

सैनिक उताणा पडला. हेल्मेटची काच तडकली. तुकडे निखळले.

वर आकाश होतं.

जांभळं, आणि जांभळ्याच्या मागे आणखी खोल काहीतरी. मोठा चंद्र इतका जवळ, की त्याच्यावरच्या दऱ्यांमधून ऊन सरकताना दिसत होतं. त्याच्या कडेवरून धुळीचा एक पट्टा निघून पार दुसऱ्या टोकाला गेला होता, आणि त्या धुळीतला कण न् कण आपापल्या वेगाने चालला होता. बंदुकांचे आवाज थांबले होते.

*तुम्ही मेलात. पुन्हा सुरू करायचं?*

बिस्कीट त्याच्या हातात तसंच राहिलं.

"तू म्हणालीस काढलं."

"काढलंच होतं." ती म्हणाली. "मरणाच्या दृश्याचं काम दुसऱ्या टीमकडे होतं. त्यांना सांगायचं राहिलं असेल."

त्याने पुन्हा सुरू केलं. या वेळी बंदूक खाली ठेवून सैनिकाला सरळ राक्षसासमोर नेऊन उभं केलं.

काच तडकली.

"आता डावीकडे बघ," ती पुढे सरकली. "अक्षरं यायच्या आत. तिकडे."

मोठ्या चंद्राआडून धाकटा चंद्र निघाला. त्याची सावली धुळीच्या पट्ट्यावर पडली आणि तेवढ्या जागेत, इतका वेळ न दिसलेले तारे उमटले. सावली पुढे गेली तसे मागचे विझले, पुढचे उमटले.

"ताई," तो म्हणाला. नुसतंच.

*तुम्ही मेलात.*

"पुन्हा मर," ती म्हणाली.

तो मेला. मग कंट्रोलर तिने घेतला आणि तीही मेली. दोघं कधी सोफ्यावरून घसरून जमिनीवर आले, कधी माना मागे टाकून बसले, त्यांना कळलं नाही.

फोन वाजत होता. तिने एकदा उचलून बघितला. "लोक शिव्या घालतायत. सारखं मरावं लागतं म्हणे या भागात. पावला-पावलाला."

तो पडद्यावरून नजर न हलवता म्हणाला, "मग वर बघत असतील."

पहिल्या भागात आकाश नव्हतं, नुसता काळा रंग भरलेला होता; तेव्हा पहिलीत असलेल्या भावाने शेजारी बसलेल्या ताईला विचारलं होतं, वरती काहीच कसं नाही.