खोचलेला पदर

“तुमीच सांगा, अमरसिंगभाऊ. उमर काढली तुमी या मशिनीवर. अन् बाया तुमच्याच तांड्याच्या. बाहेरच्या साहेबाचं नाही, तुमचं आयकतीन,” असं म्हणून पुंडलिकराव मॅनेजर खुर्चीत टेकले.

कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या यंत्रांचे पट्टे अजून सुरू व्हायचे होते. भिंतीवर सुरक्षेचं चित्र लावलं होतं. त्यातला हेल्मेटवाला लग्नाला निघाल्यासारखा हसत होता. कापसाच्या गंजीपाशी बाया बसल्या होत्या. अमरसिंग फिटर समोर येऊन उभा राहिला, तसे सगळ्यांचे पदर झरझर तोंडावर आले. नात्याने तो कुणाचा सासरा, कुणाचा भासरा म्हणजे थोरला दीर. तांड्याची रीतच ती. सुनेने मोठ्या माणसापुढे तोंड उघडं ठेवायचं नाही. सासऱ्यानेही सुनेशी थेट बोलायचं नाही. काही सांगायचंच असेल तर सासूकडून.

पुढेच त्याची धाकटी सून उज्ज्वला बसली होती. आज तिचा कामाचा पहिला दिवस. थोरली, वर्षा, गेल्या हंगामात इथेच गेली.

“मले नोका सांगू, साहेब. मी नाही लायक याले,” अमरसिंग हळूच म्हणाला.

“त्यात काय कठीण हाय? पदर कमरेले खोचा, पट्ट्यापाशी मोकळा सोडू नोका. वर्षानं सोडला, तिची चूक तिले भोवली. बस, एवढंच सांगा.”

 अमरसिंग बायांकडे वळला.

“वर्षाची चूक नोयती. तिनं पदर खोचला होता. चांगला गच्च खोचला होता. मी पट्ट्याले तेल द्याले आलो. सासरा दिसला म्हणून तिनं तो सोडला, तोंडावर ओढला…”

 पुढचं सगळ्यांना ठाऊकच होतं. पट्ट्याने पदर ओढला आणि पदराने वर्षाला. बाप्या माणूस चारचौघांत घळाघळा रडू लागला. ते पाहून बायाही रडल्या. पण मोठ्या माणसापुढे रडायचं म्हणून त्यांनी पदर आणखी खाली ओढले. उज्ज्वलानेही.

ते त्याला दिसलं. मग त्याने जन्मात केली नव्हती ती गोष्ट केली. सुनेला नावाने हाक मारली.

“उज्ज्वला, ऊठ बाई. पदर मांगं घे अन् कमरेले खोच. मी दिसलो तरी सोडू नोको.”

ती उठली. पण पदराचा काठ धरलेला हात काही हलेना.

“सासऱ्यापुढं?” त्याची बायको लालीबाई मागून पुटपुटली. “तांडा काय म्हनन?”

“म्हनू दे. थोरलीचं तोंड मी पयल्यांदा पाह्यलं, ते तिरडीवर. हिचं मले जित्तेपणी पाहू दे.”

उज्ज्वलाने पदर मागे घेतला आणि कमरेला खोचला.  ती उघड्या तोंडाने सासऱ्यासमोर उभी राहिली, आणि अमरसिंगला मान वर करून तिच्याकडे बघवेना.